गळ नंतर, दोर आधी

वीकेंडची बॅग

प्रत्येक ऑफिसातला एक तरी मित्र मिनेसोटाला ऑनसाइट असतो. जानेवारी लागला की त्याचा फोटो ग्रुपवर पडतोच. गोठलेलं तळं, त्यावर घडीची खुर्ची, समोर बर्फात पाडलेलं ताटलीएवढं भोक, हातात खेळण्यातला वाटावा असा दोन फुटी रॉड आणि चेहऱ्यावर 'याला म्हणतात जगणं' असा भाव. आपण इकडे वाळूजच्या जनरल शिफ्टमधून त्याला अंगठा पाठवतो आणि परत एक्सेलमध्ये डोकं घालतो.

पुढच्या वेळी तो फोटो जरा झूम करून बघा. साहेब शहाणे असतील तर गळ्यात एक दोरी दिसेल आणि दोरीच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हरसारख्या दोन मुठी. मुठींना पुढे टोकदार खिळे. बर्फावरच्या मासेमारीचं सामान भरपूर असतं: बर्फ पोखरायचा गिरमिट, तंबू, छोटा हीटर, भोकात पुन्हा जमणारा बर्फ उपसायला झारा. पण जाणकार माणूस सगळ्यात आधी ते दोन खिळे गळ्यात अडकवतो. कारण बर्फ फुटून पाण्यात पडलात तर कड अगदी हाताशी असते, पण ओल्या बर्फावर हात ठरतच नाही. टेकला की सटकला, टेकला की सटकला. माणूस पाण्यापेक्षा त्या कडेशी झगडून दमतो. म्हणून खिळे बर्फात रोवायचे, पोहल्यासारखे पाय मारायचे, पोटावर सरकत बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. तिथलं सरकारी खातं नवीन, स्वच्छ बर्फ किमान चार इंच जाड असेल तरच चालत जा म्हणतं, आणि तरीही खिळे बरोबर ठेवा म्हणतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या छत्रपती संभाजीनगरात बर्फ भेटतो तो उसाच्या रसात, नाहीतर निराला बाजारातल्या गोळ्यावर. हा प्रपंच कशाला? प्रपंच यासाठी की हात सटकणारी कड आपल्याकडेही आहे. शहराबाहेर पडलं की अर्ध्या तासावर आहे. तिचं नाव शेततळं. आणि हल्ली रविवारी गळ टाकायला जाऊ या असा बेत ठरला की तो दहातल्या सात वेळा कुणाच्या तरी मामाच्या शेततळ्यावरच ठरतो.

जायचं कुठं, हा खरा प्रश्न

पहिलं नाव सगळ्यांच्या तोंडी जायकवाडीचं येणार. साहजिक आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेलं धरण, मागे क्षितिजापर्यंत नाथसागर, त्यात मासे किती असतील याचा हिशेब नको. पण बॉस, नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथली मासेमारी ही काठावरच्या भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांची रोजीरोटी आहे. हौशी गळ घेऊन तिथं घुसायचं नाही. जायकवाडीला दुर्बीण न्यायची, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायचे आणि येताना पैठणला जाऊन यायचं. सलीम अली सरोवराचंही तेच. ते पक्ष्यांसाठी ठेवलंय, आपल्यासाठी नाही.

दुसरा पर्याय गावोगावचे पाझर तलाव आणि लघुप्रकल्प. यातल्या बहुतेकांचा मासेमारीचा ठेका स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची, म्हणजे मासाही त्यांचा. गावात जाऊन संस्थेच्या अध्यक्षांना विचारा. "दादा, रविवारी दोन रॉड लावून बसू का, जे लागेल त्याचे पैसे देऊ," असं सरळ बोललं तर बरेचदा हो म्हणतात. नाही म्हणाले तर नाही. 'तलाव काय कुणाच्या बापाचा आहे का' हे वाक्य घरी ठेवून निघा. कारण या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहिलेलं असतं आणि ते तुमच्या बाजूचं नसतं.

तिसरा पर्याय शेततळं. पूर्वी ते बागायतदाराचं लाड होतं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यात जास्तीत जास्त ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्याला अनुदान होतं. सामूहिक शेततळी याहून बरीच मोठी. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री कुठंही जा, मोसंबी-डाळिंबाच्या बागेशेजारी उंच बांध आणि त्याच्या आत काळं प्लास्टिक चमकताना दिसेल. पावसाळ्यात विहिरीतून पाणी उपसून भरून ठेवायचं आणि एप्रिल-मेमध्ये बागेला थेंब थेंब द्यायचं. पाणी आहेच तर त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं, की वर्षाकाठी दोन पैसे जास्तीचे. परवानगी सोपी, कारण मालक ओळखीचा. सावली आहे, गाडी बांधापर्यंत जाते, घरून भाकरी-पिठलं येतं. पिकनिकला अजून काय हवं?

तीन मीटर आणि अर्धा मिलिमीटर

इथं दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला तीन मीटर, म्हणजे जवळपास दहा फूट. आपल्या टीममधला सगळ्यात उंच माणूस उभा राहिला तरी त्याच्या डोक्यावर तीन-चार फूट पाणी उरतं. दुसरा अर्धा मिलिमीटर. तळ्यात अंथरलेला कागद, म्हणजे प्लास्टिकची ती फिल्म, साधारण ५०० मायक्रॉनची असते. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून ती लागतेच. पण तिच्याखाली बाजू उताराची, साधारण एकास एक किंवा एकास दीड. म्हणजे घसरगुंडी. तिच्यावर दोन महिन्यांत शेवाळाचा पातळ बुळबुळीत थर बसतो. नदीच्या काठाला दगड असतो, मूळ असतं, किमान चिखलात बोटं रुततात. इथं काहीच नाही. माणूस काठापासून दोन फुटांवर असतो, पोहताही येत असतं, आणि तरी वर येता येत नाही. दरवर्षी पेपरात येणाऱ्या शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या वाचा. पाय धुवायला उतरला, बादली भरायला वाकली, चेंडू काढायला गेला. मागोमाग वाचवायला उडी मारणारा दुसराही त्याच बातमीत असतो.

आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. तळं काठोकाठ भरलेलं असतं तेव्हापेक्षा ते अर्धं रिकामं झालेलं असतं तेव्हा जास्त घातक. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि पाण्यापासून बांधापर्यंत आठ-दहा फुटांचं उघडं प्लास्टिक उरतं. बघताना वाटतं पाणी कमी आहे, भीती काय. खरं तर चढ वाढलेला असतो.

म्हणून या बॅगेतली पहिली वस्तू रॉड नाही. पहिली वस्तू दोर. बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर, प्रत्येक फुटा-दीड फुटावर गाठ मारलेला. गाठी विसरायच्या नाहीत, ओल्या हातातून गुळगुळीत दोर निसटतो. एक टोक बांधावरच्या झाडाला किंवा कुंपणाच्या लोखंडी अँगलला पक्कं बांधायचं, दुसरं टोक पाण्यात चार-पाच फूट जाऊ द्यायचं. लांबी तळ्याच्या त्या दिवशीच्या पातळीवर ठरवा, गुगलवर नाही. तुम्ही ज्या बाजूला बसणार तिथं एक आणि समोरच्या बाजूला एक, असे दोन तरी हवेत. खुंटी ठोकायची वेळ आली तर बांधाच्या बाहेरच्या बाजूला ठोका. प्लास्टिकमधून खुंटी ठोकलीत तर मामा पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

दुसरी वस्तू ट्यूब. ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते, हवा भरून घ्या आणि तिलाही लांब दोरी बांधा. ट्यूब नसेल तर पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून, दोरीला एकत्र बांधलेले. कुणी पडलाच तर उडी मारायची नाही. काठी पोचत असेल तर पालथं झोपून काठी द्यायची, नाहीतर ट्यूब फेकायची आणि ओढायचं. पडलेल्यानेही उतारावर नखं ओरबाडत बसायचं नाही. पाठीवर उताणं व्हायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, श्वास भरून घ्यायचा, ओरडायचं आणि हळूहळू दोराकडे जायचं. ते बर्फातले खिळे आणि हा गाठींचा दोर, दोघांचं काम एकच: जिथं हात ठरत नाही तिथं हाताला जागा द्यायची.

तिसरी वस्तू लाइफ जॅकेट. हो, माहीत आहे, कूल दिसत नाही. इन्स्टावर तर अजिबात नाही. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी बांधावर चढल्यापासून उतरेपर्यंत ते घालायचं, विषय संपला. विकत घेताना छातीचे बेल्ट आवळून खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

आणि एक गोष्ट जी बॅगेत मावत नाही. पाण्याबाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं यात एक मिनिटही घालवू नका. तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, म्हणजे सीपीआर, लगेच सुरू करा आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. तुमच्या कंपनीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग असतं तेव्हा मागच्या रांगेत बसून रील्स बघितल्या असतील, तर पुढच्या वेळी पुढे बसा.

आता रॉडचं कौतुक

चला, आता शोभेच्या वस्तूंकडे. गळाचं सामान ही काही गोऱ्या साहेबानं आणलेली चैन नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडे, आपल्या मराठवाड्याला लागूनच. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कुणाला काय खायला घालायचं, गळ कसा, दोरा कसा, काठी कशी. आयझॅक वॉल्टनचं इंग्रजीतलं गाजलेलं गळपुराण छापलं गेलं १६५३ साली. त्याच्या पाचशे वर्षं आधी आपल्या शेजारच्या राजानं गिअर गाइड लिहून ठेवलं होतं. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा कुठं मासेवाल्या जगाला हे कळलं.

सोमेश्वराच्या जमान्यात फायबर ग्लास नव्हतं, आपल्याकडे आहे. सात-आठ फुटांचा दुर्बिणीसारखा घडी होणारा रॉड आणि मधल्या आकाराचं स्पिनिंग रील, एवढ्यावर वर्षानुवर्षं निभतं. पहिल्याच महिन्यात परदेशी ब्रँडचा ईएमआय चालू करू नका. माशाला लोगो वाचता येत नाही. नायलॉनचा दोरा, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात, तो ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा घ्या. दोन-तीन किलोचा रोहू त्यावर आरामात येतो, पण रीलचा ड्रॅग सैल ठेवला तर. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा पळाला की दोरा थोडा थोडा सुटला पाहिजे. घट्ट आवळून ठेवलात तर पहिल्याच झटक्याला तंगूस तुटतो आणि मासा तुमचा गळ तोंडात घेऊन जातो.

गळाच्या नंबरांनी नवखे लोक हमखास गोंधळतात. नंबर वाढला की गळ लहान होतो. म्हणजे आठ नंबर चारपेक्षा छोटा. एकच्या पुढे गेलात की उलटं, शून्याची भानगड सुरू होते आणि आकार वाढत जातो. रोहू-मृगळाला चार ते आठ नंबरातले गळ पुरतात. टोकाजवळ जो उलटा काटा असतो तो पक्कडने दाबून सपाट करा. मासा थोडे जास्त निसटतील, पण लहान मासा इजा न होता परत सोडता येतो. आणि मित्राच्या बोटात गळ घुसला, जे होणारच आहे, तर तो सरळ मागे निघतो. काटा न दाबलेला गळ खोल रुतला असेल किंवा डोळ्याच्या आसपास असेल, तर ओढाताण न करता डॉक्टरकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत जायचं.

तरंगा विकतचाच हवा असं नाही. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचं भेंड कापून घेतलं की झाला. वजनाला शिशाचा छोटा मणी. तो दातानं दाबून बसवायची स्टाइल सिनेमात ठीक आहे. शिसं पोटात जायला नको, पक्कड वापरा.

शेततळ्यावर एक नियम मात्र वेगळा. गळ तळाला टेकवायचा नाही. तळाला माती नाही, तोच अर्ध्या मिलिमीटरचा कागद आहे. त्यात गळ रुतला आणि तुम्ही हिसका दिला, तर सुईएवढं भोक पडतं आणि मामांनी उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी तिथून झिरपायला लागतं. म्हणून तरंगा असा बांधा की गळ तळापासून दोन फूट तरी वर राहील, आणि रील गुंडाळताना उतारावरून गळ घासत आणू नका. तीन तोंडांचे गळ तर घरीच ठेवा. मासा जवळ आला की लांब दांड्याच्या झोळीनं वर घ्यायचा. दांडा सहा फुटी तरी हवा, कारण उतारावर पाय ठेवायचा नाही हे ठरलंय. घडीच्या खुर्च्याही बांधावर, प्लास्टिकवर नाहीत.

कोण कुठं जेवतं

शेतकरी कटला, रोहू आणि मृगळ असे तिघे एकत्र का सोडतो माहितीये? तिघांची जेवणाची टेबलं वेगळी आहेत. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो. झालरीसारख्या ओठांचा रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. म्हणजे तुमचा तरंगा किती खोलीवर बांधलाय यावर कोण येणार हे ठरतं. तळ आपण आधीच वर्ज्य केलाय, त्यामुळे मृगळाला सुट्टी. रोहूसाठी चार-पाच फूट खोल लावून बघा. कटला गळाला फारसा येत नाही, तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याच्यासाठी अख्खी सकाळ घालवू नका.

चारा घरच्या डब्यातूनच. कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडा भाताचा कोंडा, वासाला चिमूटभर हिंग किंवा ओवा. गोळा इतका घट्ट की फेकताना सुटणार नाही आणि पाण्यात पंधरा मिनिटांत विरघळायला लागेल. थोडा सैल चारा आधी एका जागी टाकून मासे गोळा करायचे आणि मग तिथंच गळ सोडायचा. मालकाला विचारून, कारण त्याचं खाद्य त्याने मोजून घातलेलं असतं. गांडुळं चालतात, ओल्या मातीसकट डब्यात, सावलीत ठेवा.

वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, नाहीतर साडेचारनंतर. पण एक दृश्य दिसलं तर रॉड उघडूच नका. पहाटे सगळ्या तळ्यात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. नवखा माणूस म्हणतो, वा, आज लॉटरी! ती लॉटरी नाही. रात्रभर पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. सलग ढगाळ दिवस गेले की पहाटे पाण्यातला प्राणवायू इतका उतरतो की मासे गुदमरायला लागतात. अशा वेळी मालकाला उठवा. तो पंप लावून पाणी फवारेल, एअरेटर असेल तर चालू करेल. एखाद्या तासाच्या उशिरात वर्षाचा माल पांढरा होऊन तरंगू शकतो. तुमचा रविवार गेला तर जाऊ द्या, त्याचं वर्ष वाचवलंत.

माशांच्या नावांची एक गंमत सांगून पुढे जातो. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करत फिरला आणि १८३९ मध्ये त्यानं त्यांना शास्त्रीय नावं दिली. नावं सुचवायला त्यानं फार डोकं खाजवलं नाही, काठावरचे लोक जे म्हणायचे तेच लॅटिनच्या शेपटाला बांधलं. आपल्या शिंगटीचं शास्त्रीय नाव म्हणूनच आजही 'मिस्टस सिंगटी' आहे. पुढे १९५२ मध्ये डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णेतल्या एका माशाचं नाव चक्क 'खवलचोर' ठेवलं, कारण तो दुसऱ्या माशांचे खवले खातो. मॅनेजरला हे नाव ठेवायचा मोह टाळा.

उरलेली बॅग

माणशी चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, मोठ्या काठाची टोपी. बाकी उन्हाचं आम्ही तुम्हाला काय सांगणार, तुम्ही मे महिन्यात जालना रोडच्या सिग्नलला उभे राहिलेले लोक. पोलराइज्ड गॉगल मात्र खरंच कामाचा. पाण्यावरची चमक कापतो आणि आत फिरणारी सावली दिसते. बंद बूट, कारण बांधाच्या गवतात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. अंधार होईपर्यंत बसणार असाल तर टॉर्च.

वर बघायची सवय लावा. शेतावरून विजेच्या तारा जातात आणि बांधाची उंची धरली तर तुमचा आठ फुटी रॉड त्यांच्या फार जवळ पोचतो. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, ओला तंगूसही भरवशाचा नाही. तारेखाली रॉड उघडायचाच नाही. तळ्यात पंप सोडलेला असेल तर त्याचा मेन स्विच मालकाकडून बंद करून घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी ढग जमून गडगडलं, की रॉड जमिनीवर आडवा आणि माणसं गाडीत. झाडाखाली नाही, गाडीत. मराठवाड्यात अवकाळीतली वीज दरवर्षी शेतात माणसं मारते.

बिअरचा क्रेट या यादीत नाही. बांधावर एक हातानं तोल सांभाळत, दुसऱ्या हातात कॅन आणि समोर ती घसरगुंडी, हे चित्र ज्याला अजून धोक्याचं वाटत नसेल त्यानं वरचे चार परिच्छेद पुन्हा वाचावेत. शहरात परत या, मग बघू.

एक रिकामी पिशवी ठेवा, फक्त तुटलेल्या तंगूसासाठी. बोटभर तुकडासुद्धा मागे सोडायचा नाही. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि शेततळ्यावर येणारे बगळे, खंड्या, पाणकावळे यांच्या पायात, चोचीत तो अडकला की सुटत नाही. घरी आणून बारीक बारीक कापून कचऱ्यात टाका, अख्खा वेटोळा नको.

आता मासा लागलाच तर. लहान असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळ काढा, सोडून द्या. मोठा ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर टोला देऊन मारा. पिशवीत तडफडत ठेवण्यात मर्दुमकी नाही, आणि मांसही बिघडतं. बर्फ इथं कामाला येतो. थर्मोकोलच्या डब्यात फोडलेला बर्फ निघतानाच भरून घ्या, मेमध्ये दुपारपर्यंत तो निम्माच उरलेला असतो.

रोहूला मधले बारीक काटे फार. कोकणातल्या पापलेटवर वाढलेल्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. तिरक्या, जवळ जवळ चिरा देऊन कडक तळला की काटे बऱ्यापैकी मऊ होतात, नाहीतर सरळ आपल्या काळ्या मसाल्याचा जाड रस्सा आणि ज्वारीची भाकरी. काकू करून देतो म्हणाल्या तर नको म्हणू नका, पण साफ करायला बसा.

निघताना हिशेब. जे नेणार त्याचे बाजारभावाने पैसे, मामा घेत नाहीत म्हणाले तरी. दोरांपैकी एक दोर बांधावरच बांधलेला राहू द्या. तुम्ही रविवारी येता, त्यांची पोरं रोज तिथं असतात. आणि वजन मामांच्या काट्यावर करा. रॉडबरोबर फुकट मिळालेला तो छोटा डिजिटल काटा फेसबुकसाठी बनवलेला असतो, दीड किलोच्या रोहूला तो सहज दोन दाखवतो.